ट्रॉलीतलं बिऱ्हाड घाट उतरताना

दिवाळी तोंडावर आली आहे. आपल्या पाथर्डी, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार भागातल्या वाड्यावस्त्यांवर आता एकच बोलणं चाललंय. टोळी कधी निघणार, कोणत्या कारखान्यावर जाणार, मुकादमानं उचल किती दिली. उचलीचा हिशोब आपण बोटांवर करतो. कोयत्याला धार लावून घेतो, बाजरीची पोती बांधतो, कोपीसाठी ताडपत्री बघून ठेवतो. पण हे सगळं बिऱ्हाड ज्या ट्रॉलीत चढणार, ती ट्रॉली घाट कसा चढणार आणि कसा उतरणार, हे बोलणं कुणी काढत नाही. ते ड्रायव्हरचं काम, असं म्हणून आपण सोडून देतो.

आज आपण तेच बोलणं काढणार आहोत. आम्ही बचत गटांच्या कामासाठी गावोगाव फिरतो. हंगाम संपून टोळ्या परत आल्या की बैठकीत बायका प्रवासाच्या गोष्टी सांगतात. त्यात घाटाचं नाव हमखास येतं. म्हणून आम्ही ट्रॅक्टर चालवणाऱ्यांशी, गॅरेजवाल्यांशी आणि वर्षानुवर्षं ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांशी बोलून ही माहिती गोळा केली. ट्रॅक्टर आपल्याला चालवायचा नाही. पण त्याच्या मागे आपली लेकरं बसतात, तेव्हा काय नीट आहे आणि काय नाही, हे आपल्यालाही कळलं पाहिजे.

ट्रॉली मागून ढकलते

पाण्याचे हंडे हातगाड्यावर ठेवून उतारानं आणले आहेत का कधी? सपाट रस्त्यावर गाडा ओढावा लागतो. उतार लागला की तोच गाडा आपल्याला पुढे ढकलायला लागतो, आणि पाय रोवून त्याला थोपवावं लागतं. ट्रॅक्टरचं अगदी तसंच आहे. चढाला तो ट्रॉली ओढतो. उताराला ट्रॉली त्याला ढकलते.

आता वजनाचा हिशोब करू. साधारण ५० हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास भरतो. समजा टोळीत दहा कोयते आहेत. प्रत्येक घराची पोती, पेटी, भांडी, सरपण, बांबू, ताडपत्री मिळून दोन क्विंटल धरली, तर सामानच २० क्विंटल म्हणजे दोन टन झालं. त्यात वीस मोठी माणसं बसली, तर आणखी एक टन. लेकरं वेगळी, शेळ्या-कोंबड्या वेगळ्या, ट्रॉलीचं स्वतःचं लोखंड वेगळं. म्हणजे मागचं ओझं पुढच्या ट्रॅक्टरपेक्षा जड झालं. आणि दोन ट्रॉल्या जोडल्या तर?

हे सगळं वजन थांबवायचं कुणी? आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ट्रॅक्टरचे ब्रेक बहुतेक वेळा फक्त त्याच्या मागच्या दोन चाकांना असतात. म्हणजे एवढ्या वजनाला दोनच चाकं थोपवणार. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर दुप्पट होत नाही, जवळजवळ चौपट होतं. त्यात उतारावर ब्रेक सारखा दाबून धरला की तो तापतो. तापलेला ब्रेक धरत नाही. पायडल दाबलं जातं, पण गाडी थांबत नाही. घाटातल्या बऱ्याच अपघातांत हेच झालेलं असतं. ड्रायव्हर वाईट असतो असं नाही. त्याच्या हाती थांबवायचं साधनच उरलेलं नसतं.

म्हणून चढ कसा चढायचा, याआधी उतार कसा उतरायचा, याचा विचार घरून निघण्याआधी करायचा.

उचल ठरतानाच प्रवास ठरवा

सगळ्यात मोठी गोष्ट आधी सांगतो. ट्रॉली माल वाहायला आहे, माणसं वाहायला नाही. कायद्यानंही तिच्यात माणसं बसवता येत नाहीत. अपघात झाला तर ट्रॉलीत बसलेल्या माणसाची भरपाई मागताना हाच मुद्दा पुढे येतो, आणि घरच्यांना कोर्टात खेटे घालावे लागतात.

मग जायचं कसं? सामान ट्रॉलीनं आणि माणसं एसटीनं किंवा वेगळ्या गाडीनं. हे बोलणं निघायच्या दिवशी करून उपयोग नाही. त्या दिवशी ट्रॉली भरून उभी असते आणि सगळ्यांना घाई असते. हे बोलणं उचल घेताना करायचं, कारण तेव्हा मुकादमाला आपली गरज असते.

खर्चाचं गणित आपल्या बाजूचं आहे. मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या गाड्यांत बायकांना अर्धं तिकीट आहे. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला तिकीट नाही. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं. ६५ ते ७५ वर्षांच्या म्हाताऱ्या माणसांना अर्धं आणि ७५ च्या पुढच्यांना फुकट. हे महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत चालतं. कर्नाटकातल्या कारखान्यावर जाणाऱ्या टोळ्यांना हद्दीपुढचं तिकीट पूर्ण लागेल. दहा बायका आणि पंधरा लेकरांचं तिकीट काढून बघा आणि तो आकडा मुकादमापुढे ठेवा.

आमच्या भागातल्या एका गटातल्या बायकांनी गेल्या हंगामात असंच केलं. मुकादम आधी हसला. म्हणाला, "एवढी वर्षं गेलात ना ट्रॉलीत, आता काय झालं?" त्यावर गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "भाऊ, एवढी वर्षं गेलो म्हणून पुढंही सुखरूप पोचू, असं कुणी लिहून दिलंय का? तुम्ही लिहून द्या, बसतो." मुकादमानं लिहून दिलं नाही. पण निम्म्या तिकिटांचे पैसे दिले आणि निम्मे टोळीनं घातले. बायका-पोरं एसटीनं गेली. एकटीनं बोललं तर भांडण वाटतं, दहाजणींनी मिळून बोललं तर तो ठराव होतो.

रस्त्याचा कागद करा

कारखाना कुठला ते कळलं की मुलांच्या वहीचं एक पान घ्या आणि त्यावर रस्ता लिहून काढा. कोणतं गाव, तिथून पुढचं गाव किती किलोमीटर, मध्ये घाट कोणता. आपल्याकडून नगरकडे जाताना करंजी घाट लागतो. तिथून पुढे संगमनेर-नारायणगाव रस्त्यावर चंदनापुरीचा घाट आहे, जुन्नरच्या वाटेला आणे घाट आहे. बीडच्या बाजूला मांजरसुंब्याचा घाट आहे. आपल्या वाटेत कोणता येतो ते ड्रायव्हरला विचारून लिहा. एखाद्या पोराच्या मोबाईलवर नकाशा बघितला तरी कळेल.

आता वेळेचा हिशोब. समजा कारखाना २०० किलोमीटर आहे. भरलेला ट्रॅक्टर तासाला २० किलोमीटर धरा. नुसती चाकं फिरायला दहा तास लागले. घाटात वेग निम्म्याहून कमी होतो, तो वेळ आणखी. दर दोन तासांनी पाव तास थांबायचं म्हटलं तर तास-सव्वा तास गेला. जेवणाला एक तास. म्हणजे बारा तासांच्या वर गेलं. नोव्हेंबरात साडेसहाच्या सुमाराला उजाडतं आणि सहाला दिवस मावळतो. उजेड साडेअकरा तासांचा आणि प्रवास बारा तासांहून जास्त. हे एका दिवसात बसतच नाही. तरी एका दिवसात उरकायचं म्हटलं की रात्र होते, आणि घाट नेमका रात्री, ड्रायव्हर पेंगलेला असताना लागतो.

म्हणून नियम असा करा की प्रवास दोन दिवसांचा धरायचा आणि घाट दिवसा उजेडीच ओलांडायचा. पहाटे घाटात धुकं असेल तर ते विरेपर्यंत थांबायचं. मुक्काम घाटाच्या अलीकडे करायचा आणि सकाळी ताज्या डोळ्यांनी घाट घ्यायचा. एक दिवस उशिरा पोचलो तर एका दिवसाची मजुरी जाईल. ती हंगामात भरून निघते.

आदल्या दिवशी ट्रॉलीभोवती एक फेरी

ट्रॉली दारात आली की भरायच्या आधी तिच्याभोवती एक फेरी मारा. सोबत ड्रायव्हरला घ्या. प्रश्न विचारायला लाजू नका.

पहिली बघायची ती पिन. ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरच्या हुकात जिथं अडकते, तिथं जाड लोखंडी पिन असते. ती घासून बारीक झाली आहे का? ती वर उडू नये म्हणून तिच्या खालच्या टोकाला क्लिप असते. ती आहे का? पुष्कळदा क्लिप हरवते आणि तिच्या जागी तार किंवा खिळा वाकवून घातलेला असतो. खड्ड्यात आपटलं की तार तुटते, पिन निघते आणि ट्रॉली सुटते. आमच्या ओळखीच्या एका टोळीची ट्रॉली अशीच चढावर सुटली होती. मागे सरकत जाऊन कडेच्या दरडीला टेकली म्हणून थांबली. माणसं आधीच उतरून दुसऱ्या गाडीनं गेली होती. पोती फुटली, भांडी चेपली, एवढ्यावर भागलं. ती क्लिप दुकानात अगदी थोड्या पैशांत मिळते.

पिनेच्या जोडीला एक साखळी हवी. दांडीपासून ट्रॅक्टरपर्यंत बांधलेली मजबूत साखळी असली, तर पिन निघाली तरी ट्रॉली मोकळी सुटत नाही. दोन ट्रॉल्या असतील तर दोन्ही जोडांना साखळी हवी.

दांडी कुठं अडकवली आहे तेही बघा. ती ट्रॅक्टरच्या खालच्या हुकालाच हवी. वरच्या टॉप लिंकला किंवा उंचावर अडकवली तर चढाला ओढताना ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जातं आणि तो मागे उलटू शकतो.

तिसरं म्हणजे ब्रेकची दोन पायडलं. ट्रॅक्टरला डाव्या चाकाचा आणि उजव्या चाकाचा असे दोन वेगळे ब्रेक असतात. शेतात वळायला ते वेगळे लागतात. रस्त्यावर मात्र दोन्ही पायडलं पट्टीनं एकत्र अडकवायची असतात. नाही अडकवली आणि घाईत एकच दाबलं गेलं, तर ट्रॅक्टर एका बाजूला फेकला जातो आणि मागची ट्रॉली अंगावर येते. "दादा, पायडलं जोडली का?" एवढा एक प्रश्न रोज निघताना विचारा.

मग टायर. भेगा पडलेले, गुळगुळीत झालेले टायर भरल्या वजनाला घाटात फुटतात. चाकांचे नट आवळलेले आहेत का ते बघा आणि पहिल्या २०-२५ किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळून घ्या. शेवटी मागचे दिवे. ते लागत नसतील तर लावून घ्या. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर लाल चमकपट्टी हवी, बाजूंना पिवळी. दिवसाच जायचं असलं तरी वाटेत बंद पडलो, तर रात्री हीच पट्टी मागच्या गाडीला आपल्याला दाखवते.

बिऱ्हाड भरताना

घर लावायची आपल्याला सवय आहे, ट्रॉलीही तशीच लावायची. जड ते खाली, हलकं ते वर. धान्याची पोती, पेट्या, लोखंडी सामान तळाला. गोधड्या, कपडे, टोपल्या वर. ट्रॉली उंच आणि वरून जड झाली की वळणावर कलंडते.

जड सामान सगळं मागे टाकू नका. मागं जड झालं की ट्रॉली डुलायला लागते, दांडी वर उचलली जाते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. सगळं पुढेही कोंबू नका, नाहीतर दांडीवर ओझं येऊन चढाला ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही. जड सामान चाकांच्या वर आणि त्याच्या थोडं पुढे, डावीकडं-उजवीकडं सारखं असं ठेवा.

सगळं दोरानं आवळा. चढाला सामान मागे सरकतं, उताराला पुढे सरकतं. सैल बांधलेलं पोतं सरकलं की वजनाचा तोल बदलतो. दोराची टोकं लोंबती ठेवू नका, ती चाकात अडकतात. गॅसची टाकी असेल तर उभी ठेवा, बटण बंद करून वर टोपण लावा आणि सायलेन्सरपासून लांब बांधा.

आणि दोन गोष्टी हाताशी ठेवा. चाकाखाली लावायला चार मजबूत लाकडी ठोकळे आणि पाण्याचा कॅन. हे सामानाखाली पुरले तर वेळेला सापडत नाहीत.

चढ

घाट सुरू व्हायच्या आधी सपाट जागा बघून थांबायचं. पिन, क्लिप, साखळी, दोर पुन्हा बघायचे. इंजिन निवू द्यायचं. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीच उघडायचं नाही, उकळतं पाणी अंगावर उडतं.

दोन ट्रॉल्या असतील आणि घाट उभा असेल, तर एकेक ट्रॉली वर न्यावी. पहिली वर सपाटीला रस्त्याबाहेर उभी करून, चाकांना ठोकळे लावून, माणूस राखणीला ठेवून परत यायचं आणि दुसरी न्यायची. दोन तास जातात, पण जुने ड्रायव्हर हेच करतात.

खालचा गिअर चढाआधीच घालायचा. चढावर मध्येच गिअर बदलायला गेलं की गाडी क्षणभर मोकळी होते आणि मागे सरकते. थांबायची वेळ आलीच तर आधी चाकांना ठोकळे, मग बाकीचं. ठोकळा लावणाऱ्यानं ट्रॉलीच्या बाजूनं यायचं, मागे उभं राहायचं नाही. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधल्या जागेत कुणीच जायचं नाही, लेकरांना तर ती जागा अजिबात वर्ज्य.

उतार

आता मुख्य गोष्ट. घाट ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचा. इंजिनच मग ट्रॉलीला थोपवून धरतं आणि ब्रेकवरचं ओझं कमी होतं. हा गिअर उतार सुरू व्हायच्या आधी, सपाटीला असतानाच घालायचा. उतारावर वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही. तो घालायला क्लच दाबला की इंजिनाची पकड सुटते आणि गाडी आणखी पळते.

काही ड्रायव्हर डिझेल वाचवायला उताराला गाडी न्यूट्रलला टाकून सोडून देतात. यासारखा धोका नाही. तसं केलं की एवढ्या वजनाला फक्त ब्रेक उरतात आणि ते तापले की काहीच उरत नाही. वाचलेल्या अर्ध्या-एक लिटर डिझेलसाठी हा जुगार आहे. डिझेल कुणाच्या खिशातून जातं यावर हे पुष्कळदा ठरतं. म्हणून घाटाचं जादा डिझेल आधीच मुकादमाकडून मान्य करून घ्या, म्हणजे ड्रायव्हरला वाचवायची घाई राहत नाही.

ब्रेक दाबून धरायचा नाही. दाबायचा, वेग कमी करायचा, सोडायचा. जळका वास आला किंवा पायडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं, तर रुंद जागा बघून थांबायचं, ठोकळे लावायचे आणि ब्रेक आपोआप निवू द्यायचे. त्यावर पाणी ओतायचं नाही, तापलेलं लोखंड तडकतं. अर्धा तास गेला तर जाऊ द्या.

वळणावर ट्रॉलीची मागची चाकं आतून कापून येतात. ट्रॅक्टर रस्त्यावर असतो आणि ट्रॉलीचं चाक आतल्या गटारीत उतरतं. म्हणून वळण सावकाश आणि मोकळं घ्यायचं. ओव्हरटेक नाही. अरुंद घाटात समोरून चढणारी गाडी आली, तर उतरणाऱ्यानं थांबून तिला वाट द्यायची असा नियम आहे. चढणारी गाडी एकदा थांबली की तिला पुन्हा निघणं अवघड असतं.

आणि आपण? माणसं ट्रॉलीत असतीलच, तर निदान घाटापुरती ती ट्रॉलीत नसावीत. घाटाआधीच्या गावात उतरून एसटीनं किंवा काळी-पिवळी जीपनं घाट ओलांडा आणि पलीकडच्या गावात ट्रॉलीची वाट बघा. तेवढंही जमलं नाही, तर सामानाच्या ढिगावर, फाळक्यावर, दांडीवर किंवा मडगार्डवर कुणी बसू नका. ट्रॉलीच्या तळाला, बाजूच्या पत्र्याच्या आत बसा. हे सुरक्षित नाही, फक्त थोडं कमी धोक्याचं आहे. गरोदर बाई आणि तान्हं लेकरू यांना मात्र ट्रॉलीत बसवूच नका. त्यांचं तिकीट गटाच्या बचतीतून काढावं लागलं तरी काढा.

मुक्काम

मुक्कामाची जागा ड्रायव्हर ठरवतो तेव्हा तो ट्रॅक्टर उभा करायला जागा बघतो. आपल्याला पाणी, उजेड आणि बायकांना जायला आडोसा बघावा लागतो. म्हणून जागा आधीच मिळून ठरवा. मोठं गाव, पेट्रोल पंप, देवळाचं आवार चांगलं. रस्त्याच्या कडेला, वळणावर किंवा उतारावर मुक्काम नको. ट्रॉलीखाली कुणी झोपू नये. थंडीत लेकरं उबेला तिथं शिरतात, त्यांना आवरा. चूल पेटवायची तर डिझेल आणि सरपणाच्या ट्रॉलीपासून लांब पेटवा.

ड्रायव्हरच्या जेवणाची आणि झोपेची काळजी घ्या. त्याला दारू प्यायला दिली जात असेल, तर टोळीतल्या सगळ्यांनी मिळून आडवं व्हा. त्याच्या हातात चाळीस जीव असतात.

अपघात झालाच तर

१०८ वर फोन करा, रुग्णवाहिका फुकट येते. पोलिसांसाठी ११२. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. हे तीन आकडे ट्रॉलीच्या पुढच्या पत्र्यावर रंगानं लिहून घ्या. फोनवर जवळचं गाव आणि किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. वाटेत दुसऱ्याच्या अपघाताला आपण मदत केली, तर मदत करणाऱ्याला कायद्यानं संरक्षण आहे. नाव सांगायची सक्ती नाही. म्हणून घाबरून पुढे जाऊ नका.

आता विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँक खात्यातून वर्षाला फक्त २० रुपये कापले जातात. वय १८ ते ७० हवं. अपघातात मृत्यू झाला किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख रुपये, अंशतः कायमचं अपंगत्व आलं तर १ लाख. हे वर्ष १ जून ते ३१ मे असं असतं. मे महिन्यात खात्यात पैसे नसतील तर विमा बंद पडतो आणि आपल्याला कळतही नाही. निघायच्या आधी पासबुकात ती २० रुपयांची नोंद आहे का ते बघा. नसेल तर बँकेत किंवा बँक सखीकडे जाऊन अर्ज भरा. वारसाचं नाव बरोबर आहे का तेही बघा. अपघातानंतर पोलिसांत नोंद आणि दवाखान्याचे कागद लागतात, आणि दावा शक्यतो ३० दिवसांच्या आत बँकेत द्यायचा असतो. पासबुक, आधार आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स गावी मागे राहणाऱ्या माणसाकडेही ठेवा. सगळे कागद एकाच पेटीत असतात आणि ती पेटी ट्रॉलीत असते.

परत येताना

पट्टा पडला की सगळ्यांना घराची ओढ लागते. सहा महिन्यांची दमणूक अंगात असते, टायर झिजलेले असतात, ऊस वाहून हुक आणि पिन घासलेली असते. शिवाय जाताना जो चढ होता, तो परत येताना उतार असतो. म्हणून परतीची फेरी जास्त जपून करायची. ट्रॉलीभोवतीची फेरी पुन्हा, पिन-क्लिप पुन्हा, घाट दिवसाच.

या महिन्याच्या बैठकीत गटानं एक काम करावं. कर्जवाटप झालं की अध्यक्ष ताईंनी विचारावं, यंदा कोण कोण निघतंय, कोणत्या कारखान्याला आणि कशातून? ते इतिवृत्तात लिहावं. ज्या टोळीत गटाच्या बायका आहेत, त्या टोळीच्या मुकादमाला आणि ड्रायव्हरला बैठकीला बोलवावं आणि तीन गोष्टी त्यांच्यासमोर मान्य करून घ्याव्यात. माणसं वेगळ्या गाडीनं, घाट दिवसा, पिनेला क्लिप आणि साखळी. इतिवृत्ताखाली त्यांची सही घ्यावी. आमच्या दोन गावांत ग्रामसंघानं साखळ्या विकत आणून ठेवल्या आहेत. टोळी निघताना घेऊन जाते आणि पट्टा पडला की परत जमा करते. आपल्या गावात असं करायचं असेल तर आम्हाला कळवा, आम्ही बैठकीला येऊ.

सुखरूप जा आणि सुखरूप या.